मशीनच्या आधी: दुबलगुंडीची रोजनिशी

१ मे २०२४, बुधवार

पलीकडं उमरगा-उदगीरला आज महाराष्ट्र दिनाची सुट्टी, अलीकडं आमच्या बिदर जिल्ह्यात कामगार दिनाची. पुतण्या घरी होता, म्हणून त्याला हाताशी धरून गोठ्यामागची पडवी रिकामी केली. मोडकी तिफण, दोन फुटके हौद-नळ, युरियाच्या रिकाम्या गोण्या, कुणाची तरी सायकलची चौकट. आता इथं वेल्डिंगचं टेबल बसवायचं.

भोसरीत नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांनी मारलेल्या वेल्डमधल्या खोटी काढण्यात गेली. स्वतः होल्डर हातात धरायची वेळ क्वचितच यायची. आता गावी तूर आहे, सोयाबीन आहे. कोळप्याची पास तुटली, फण वाकला, फाटकाची बिजागरी निखळली की ऐन हंगामात हुमनाबादच्या रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं रांग लावायची. दोन इंचाच्या टाक्यासाठी अख्खा दिवस मोडतो. शिवाय हात शिवशिवतात, हेही खरं.

जागा ठरवायलाच सकाळ गेली. ओसरीवर माळवद, त्याला सागाच्या तुळया आणि वर माती. तिथं ठिणगी नको. गोठ्यात कडबा. पडवीला तिन्ही बाजूंनी जांभ्याच्या भिंती आणि वर पत्रा, म्हणून तीच बरी. अडचण फक्त पूर्वेकडच्या उघड्या बाजूची. तिकडं कडब्याची गंजी आहे, आणि आपल्याकडं आता भाद्रपदापर्यंत वारा पश्चिमेचाच. ग्राइंडरची ठिणगी दहा मीटरपर्यंत सहज जाते आणि वाळल्या कडब्यात पडली की तासभर धुमसून मग पेटते. काकांना म्हटलं, गंजी हलवू या.

"कडबा आधीचा हाय, तुजं दुकान नंतरचं. तूच सरक की."

तेव्हा उघड्या बाजूला माणसाच्या डोक्यावर जाईल असा जुन्या पत्र्यांचा आडोसा घालायचं ठरलं. गल्लीतली पोरं तिकडूनच डोकावणार आहेत, त्यांच्या डोळ्यांसाठीही तो लागणारच होता. जोडीला वाळूच्या दोन बादल्या, पाण्याचं पिंप. काम संपल्यावर निदान तासभर तिथून हलायचं नाही, असा नियम मी स्वतःलाच घालून घेतला.

४ मे, शनिवार

लोक मशीन आधी घेतात. माझ्या ओळखीच्या तिघा-चौघांनी घेतलं. आता ते खोक्यात पडून आहे, नाहीतर दर दोन मिनिटांनी पिवळा दिवा लावून बंद पडतं. त्यात मशीनचा दोष थोडा, तारेचा जास्त. म्हणून मी आधी मीटर घेऊन बसलो. पहाटे व्होल्टेज २२८. दुपारी २०५. रात्री आठला, गावातले सगळे कूलर आणि टीव्ही चालू असताना, १७६.

इन्व्हर्टर मशीनला जेवढी ताकद लागते तेवढी ती ओढतेच. व्होल्टेज उतरलं तर अँपिअर वाढवून ओढते. हिशेब कागदावर मांडून पाहिला. अडीच एमएमचा रॉड नव्वद अँपिअरवर चालवला तर कमानीपाशी, म्हणजे आर्कपाशी, साधारण २३.६ व्होल्ट पडतात. हे वेल्डिंगवाल्यांचं ठरलेलं सूत्र आहे, वीस अधिक अँपिअरचा पंचविसावा भाग. म्हणजे २.१ किलोवॅट झाले. मशीनच्या आतली गळती आणि पॉवर फॅक्टर धरले तर वीजवाल्यांच्या बाजूनं साडेतीन केव्हीएच्या आसपास. २३० व्होल्टला ते पंधरा अँपिअर होतात, १८० ला जवळजवळ वीस. घरातल्या जुन्या वायरिंगवर एवढं टाकायचं तर आधी आग विझवायची सोय करून ठेवावी.

मीटरपासून पडवी पंचवीस मीटर. अडीच चौरस एमएमची तांब्याची तार टाकली तर जाऊन-येऊन पन्नास मीटरमध्ये वीस अँपिअरला सात-साडेसात व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सहा चौरस एमएमची टाकली तर तीन. जिथं १७६ च हातात आहेत तिथं ते चार व्होल्ट मोलाचे. सहाची आणायची ठरली. घरच्या मीटरवर मंजूर लोड कमी आहे, तो वाढवून घ्यायचा अर्ज जेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात द्यायचा आहे. पंपाच्या लाइनीवरून तार ओढ, असा सल्ला दोघांनी दिला. ती लाइन शेतीची, तीही मोजके तास. तिच्यावर हे काम करायचं नाही.

७ मे, मंगळवार

लोकसभेचं मतदान. बोटाला शाई. सगळं गाव घरात, दुपारी तीनला व्होल्टेज १७२. मोठं काम सकाळी नऊच्या आतच करायचं, हे आज पक्कं झालं.

१० मे, शुक्रवार

बसव जयंती आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी. हुमनाबादला मिरवणुकीची गडबड. बायको म्हणाली, "आज मुहूर्त हाय, मशीन आजच घेऊन या की." मी मुहूर्तावर हेल्मेट आणलं. ही हसली, पण देवापुढं ठेवून त्याला कुंकू लावलं.

हेल्मेट आपोआप काळं होणारं आहे, शेड नऊ ते तेरा. कमान पेटल्याबरोबर सेकंदाच्या काही हजाराव्या भागाच्या आतच काच गडद होते. साध्या काळ्या काचेला अकरा नंबरची शेड असते, तीही डोळे तितकेच वाचवते. पण ती लावली की रॉड कुठं टेकवायचा ते दिसत नाही. मग नवशिका काच वर करून रॉड टेकवतो आणि मान झटकून काच खाली पाडतो. त्या झटक्यात एकदोन वेळा कमान उघड्या डोळ्यांनी दिसतेच. म्हणून नवशिक्यानं इथं पैसे वाचवू नयेत. उलट हात बसलेल्या माणसाला साधी काच पुरते.

डोळ्याला कमान लागते तेव्हा त्या क्षणी काहीच कळत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा रात्री झोपल्यावर, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. बुबुळाच्या वरच्या पापुद्र्याला ते उन्हासारखं भाजलेलं असतं. गावात यावर दूध घालतात, बटाट्याची चकती ठेवतात. बहुतेकांचं एकदोन दिवसांत आपोआप बरं होतं, म्हणून बटाट्याचं नाव होतं. कच्चं दूध डोळ्यात घालून जंतू ओढवून घेण्यापेक्षा अंधारात पडून राहावं आणि डोळ्याच्या डॉक्टरला दाखवावं. सगळ्यांत जास्त भीती मला पोरांची वाटते. पाच मीटरवरून बघणाऱ्या पोराच्या डोळ्यावर चष्मा नसतो, आणि तमाशा संपेपर्यंत ते हलत नाही.

सोबत चामड्याचे हातमोजे आणि चामड्याचा एप्रन घेतला. पॅन्ट सुती घालायची. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. पॅन्टची खालची घडी उलगडून शिवून घ्यायची, तिथंच तप्त गोळ्या जाऊन बसतात. चपला बंद.

१४ मे, मंगळवार

अर्थिंगचा खड्डा. वायरमननं आठ फूट सांगितलं. सहा फुटांवर जांभा लागला आणि पहार वाजू लागली. उरलेले दोन फूट खणायला दुपार गेली. मधोमध जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला फनेल. मे महिन्यात इथली जमीन इतकी कोरडी असते की पाणी ओतल्याशिवाय अर्थिंग नावालाच. महिन्यातून दोनदा बादली ओतायची, असं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं.

बोर्डावर ३२ अँपिअरची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. मशीनच्या काळ्या केबलचा क्लॅम्प आणि हा खड्डा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लॅम्पमधून वेल्डिंगचा प्रवाह मशीनकडं परत येतो. खड्डा आहे तो मशीनच्या डब्यात वीज उतरली तर माणूस वाचावा म्हणून. क्लॅम्प टेबलाला लावला म्हणून माणूस वाचत नाही.

१९ मे, रविवार

टेबलाचा हिशेब. वरची प्लेट १२०० बाय ७५० एमएम. जाडी किती ठेवायची यावर पुतण्याशी वाद झाला. तो म्हणाला, दोन सूत म्हणजे सहा एमएम बास. पोलादाची प्लेट चौरस मीटरला दर एमएम जाडीमागं ७.८५ किलो भरते. त्यानुसार सहाची ४२ किलो, दहाची ७१, सोळाची ११३. सहाची प्लेट दोन-चार मोठी वेल्डं मारल्यावर पोट काढते आणि मग तिच्यावर सरळ काही जोडता येत नाही. सोळाची उत्तम, पण ती हलवायला गाव बोलवावं लागेल. दहाची ठरली.

पायांना आणि चौकटीला ५० बाय ५० बाय ६ चा अँगल. मीटरला साडेचार किलो, सगळा मिळून ११ मीटर, म्हणजे पन्नास किलो. एकूण वजन सव्वाशेच्या घरात. टेबल जड असलेलंच चांगलं, घणाचा ठोका पडला की नाचत नाही. प्लेट चौकटीच्या चारी बाजूंना ७५ एमएम बाहेर ठेवायची, नाहीतर क्लॅम्पला धरायला कडच मिळत नाही. उंची कोपराच्या चार बोटं खाली. माझ्या उंचीला ९०० एमएम जमतं, काकांना ते उंच पडेल, पण काका काही वेल्डिंग करणार नाहीत.

भंगारवाल्याकडं दहा एमएमची जुनी प्लेट होती, गंजानं खड्डे पडलेली, भाव निम्मा. घेतली नाही. पायांचे अँगल मात्र त्याच्याकडचेच घेतले, तिथं खड्डे चालतात. त्यानं ऐरणीसाठी रुळाचा तुकडा दाखवला. हा तुकडा कुठून आला ते त्यालाही सांगता येईना. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. देशात कितीतरी दुकानांत असे तुकडे ऐरण म्हणून पडलेले आहेत आणि कुणी विचारत नाही, तरी मला नको. ट्रकच्या जुन्या अॅक्सलचा ओंडका घेतला. घणाखाली छान वाजतो.

२१ मे, मंगळवार

सकाळच्या बसनं हैदराबाद. झहीराबाद, संगारेड्डी, पटनचेरू करत सिकंदराबादचं राणीगंज. हत्यारं, मोटारी, पंप, बेअरिंग, वेल्डिंगचं सामान, सगळं एकाला एक लागून. "क्या होना, भाई?" अशी हाक आली की आपण दख्खनीत शिरलो. आमच्या जिल्ह्याची निजामाशी गाठ १९४८ मध्ये सुटली आणि १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण औजाराला अजून हैदराबादलाच जावं लागतं.

एका दुकानात चकचकीत मशीन. वर मोठ्या आकड्यात २५० अँपिअर, मागं पंधरा अँपिअरचा प्लग. मी मनातल्या मनात गुणाकार केला. २५० अँपिअरला कमानीपाशी तीस व्होल्ट लागतात, म्हणजे साडेसात किलोवॅट. २३० व्होल्टचा पंधरा अँपिअरचा प्लग साडेतीनच्या पुढं देऊ शकत नाही. मग तो आकडा कशाचा? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "सब चलता." पाटीवर इनपुटचे केव्हीए आणि ड्यूटी सायकल लिहिलेली नसेल तर मशीन हातातही घेऊ नये. ड्यूटी सायकल साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कमान, चार मिनिटं विश्रांती, तेही भोवतालचं तापमान चाळीस धरून. आमच्या पडवीत पत्र्याखाली मे महिन्यात चाळीस सकाळी अकरालाच होतात.

शेवटी २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन घेतलं, वजन सहा-सात किलो. पाटीवर व्होल्टेज खाली १६० पर्यंत चालेल असं लिहिलं होतं. मला कधी ११० च्या वर जायचंच नाही, म्हणून ते दमणार नाही. दुरुस्ती हुमनाबादला होते का, हे आधी फोनवर विचारून मगच पैसे दिले. मशीन निवडताना हे मी पहिल्या नंबरवर ठेवलं होतं.

तारेचं मशीन, म्हणजे सीओटू वेल्डिंग, घ्यावं असा दोघा दुकानदारांचा आग्रह. पातळ पत्र्याला ते खरंच चांगलं आहे. पण त्याला गॅसचा सिलिंडर लागतो, तो भरायला दर वेळी बिदर नाहीतर कलबुर्गी, आणि आमच्या पडवीतला वारा तो गॅस उडवून नेणार. फणाला, पाशीला, फाटकाला रॉडच बरा. लेप दिलेला रॉड स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गनं काढला. त्यानंच १९०४ मध्ये एसाब कंपनी काढली. आपल्याकडं अडवाणी-ओर्लिकॉन १९५१ पासून. सव्वाशे वर्षांच्या आसपास होत आली, पण होल्डर, रॉड आणि काळी काच हे त्रिकूट बदललेलं नाही. ६०१३ नंबरच्या रॉडचे अडीच आणि सव्वातीन एमएमचे एकेक पुडे घेतले. ७०१८ चा मोह आवरला. तो रॉड भट्टीत तापवून कोरडा करावा लागतो आणि माझ्याकडं भट्टी नाही.

२६ मे, रविवार

टेबल जोडलं. पहाटे साडेपाचला सुरुवात, व्होल्टेज २२५.

आधी सगळे अँगल कापून कडांना खाप दिली, गंज ग्राइंडरनं उतरवला. चौकट जमिनीवर मांडली. गुण्यावर मी फार विश्वास ठेवत नाही. तीन-चार-पाचचा हिशेब लावला, मग दोन्ही कर्ण मोजले. एक १२०७, दुसरा १२१२. ठोकून १२०९ वर दोन्ही आणले आणि मगच टाके मारले. टाके चारी कोपऱ्यांना, समोरासमोरचे. पुन्हा कर्ण मोजले. वेल्ड थंड होताना आक्रसतं आणि आपल्या बाजूला ओढतं. म्हणून एका कोपऱ्याचं काम एका दमात संपवायचं नाही.

प्लेट चौकटीला सलग वेल्ड करायची नसते, हे कारखान्यात शेकडो वेळा रिपोर्टात लिहिलंय: प्लेट बाक धरते. इंचभर वेल्ड, मग सहा-सात इंच मोकळं, असं खालून. पायांच्या तळाला १६ एमएमचा नट वेल्ड करून त्यात बोल्ट, म्हणजे पाणसळ ठेवून पाना फिरवत टेबल सरळ करता येतं. टेबलाखाली शहाबादी फरशी टाकू, असं ही म्हणत होती. कलबुर्गीची फरशी घराघरात आहेच. पण लालबुंद तुकडा पडला की ती तडकते. मुरूम ठोकून ठेवला, तोच बरा.

पहिली काही वेल्डं चांगली आली नाहीत. कुणाला दाखवायची नाहीत, ग्राइंडर आहेच.

१ जून, शनिवार

वाइस बसवला. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर, जबडा कडेच्या बाहेर, म्हणजे लांब पाइप उभा धरला तर थेट जमिनीपर्यंत जातो. ओतीव लोखंडाचा स्वस्त, पण घण बसला तर कान तुटतो. ओतीव पोलादाचा महाग. मधल्या मापाचा पोलादी घेतला आणि क्लॅम्प कमी घेतले. सी-क्लॅम्प सहा हवे होते, तीनच आणले. क्लॅम्प कितीही असले तरी एक कमी पडतोच.

ग्राइंडरचं गार्ड पहिल्याच दिवशी काढून फेकायची आपल्याकडं रीत आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो आणि फुटलेल्या चकतीचा तुकडा कुठं जाईल ते कुणी सांगू शकत नाही. गार्ड राहू दे. कटिंग व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख कोरलेली असते, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. दुकानातल्या निम्म्या चकत्या मुदत संपलेल्या निघाल्या. दुकानदारानं त्या बाजूला ठेवल्या खऱ्या, पण फेकल्या नाहीत.

४ जून, मंगळवार

निकाल. गावातला प्रत्येक टीव्ही सकाळी आठपासून चालू. व्होल्टेज १६८. काम बंद.

६ जून, गुरुवार

मृग तोंडावर आलाय. हवेत दमटपणा चढला आणि रॉड आवाज करू लागले. लेपात ओल शिरली की कमान तडतडते आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. रॉड घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून तो चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवला. हिची तक्रार अशी, की कोनाडा मिठाच्या बरणीचा होता.

शेजारच्यांनी जीआय पाइपचा मांडव आणला होता जोडायला. मी आधी जोडावर चार बोटं जस्त ग्राइंडरनं खरवडलं. जस्त ९०७ अंशांना उकळतं. पोलाद वितळायच्या कितीतरी आधी त्याची पांढरी वाफ होते. ती छातीत गेली की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दुकानांत यावर गूळ आणि दूध देतात. गुळानं ताप अडत नाही, तो खरवडल्यानं आणि वाऱ्याकडं पाठ करून उभं राहिल्यानं अडतो. बिदरची बिदरी भांडी मुळात जस्ताचीच, तांबं नावापुरतं. या जिल्ह्याला जस्त नवं नाही.

१२ जून, बुधवार

पाऊस पडून गेला, पेरण्या सुरू. सकाळी लोहारमामा आले. त्यांच्या हातात कोळप्याची तुटलेली पास.

"काय करू लालास? लई मोठं दुकान टाकलास म्हणं."

त्यांनी टेबलावर हात फिरवला, खाली वाकून बोल्ट पाहिले, काही बोलले नाहीत. पास ट्रकच्या कमानीच्या पाट्याची होती. असा पाटा कार्बनचा, म्हणून कडक. साध्या ६०१३ नं थंड्यावर जोडला तर वेल्ड टिकतं, पण त्याच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि दुसऱ्याच दिवशी दगडाला लागून तुटते. हे मला पुस्तकानं माहीत, मामांना हातानं. मी तापवायची तयारी करू लागलो तोवर त्यांनीच सांगितलं, आधी माझ्या भट्टीत काळपट लाल करून आणतो, मग तू लगेच रॉड मार आणि हात न लावता चुलीच्या राखेत पुर. जितकं सावकाश थंड होईल तितकं बरं.

भट्टी त्यांच्या अंगणात, दोनशे पावलांवर. पास सांडशीत धरून ते पळतच आले. दोन्ही बाजूंनी खाप आधीच दिली होती, अडीच एमएमचा रॉड, पंच्याऐंशी अँपिअर, सकाळचं व्होल्टेज चांगलं. तीन थर. राखेचं घमेलं तयार होतं. दुपारी काढली, ठोकून पाहिली, मामांनी आपटून आवाज ऐकला. ठीक आहे म्हणाले. पैशांचं बोलणं निघालं तेव्हा ठरलं असं, की त्यांना चौकोनात काही जोडायचं असेल तर ते माझ्या टेबलावर येणार, मला काही तापवायचं असेल तर मी त्यांच्या भट्टीवर जाणार. रॉड ज्याचे त्यानं आणायचे, कोळसा ज्याचा त्यानं.

उद्या ते कुणाची तरी रोटाव्हेटरची पाती घेऊन येणार आहेत. ती बोरॉनच्या पोलादाची, कारखान्यात पाणी दिलेली असतात. वेल्ड मारलं की ते पाणी उतरतं. पातं तुटून रोटाव्हेटरच्या वेगानं उडालं तर मागं चालणाऱ्या माणसाचं काही खरं नाही. मी ते जोडणार नाही, नवी बसवा, असं त्यांना आत्ताच सांगितलं.

मामा म्हणाले, "बघू की."